चार अपेक्षांपैकी दोन खोडल्या

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या नणंदेची मुलगी बाळंतपणासाठी आजोळी, म्हणजे आमच्याकडे बेळगावला आली होती. बाळ दीड महिन्याचं झालं होतं. एका दुपारी ती स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "मामी, मी आता बाळाला बाटली लावणार. अज्जी म्हणते, दोन्ही मुलांना पाजून पाजून तुमचं तसं झालं, म्हणून तुम्हाला ऑपरेशन करावं लागलं."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ज्या गोष्टीबद्दल मी घराबाहेर चकार शब्द काढला नव्हता, तिचा असा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं. म्हणून मैत्रिणींनो, आज संकोच बाजूला ठेवून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी मी 'ब्रेस्ट लिफ्ट', म्हणजे ओघळलेले स्तन वर उचलून घेण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. त्याआधी रक्तातली साखर काठावर आली, म्हणून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात रोज पहाटे फिरून मी अठरा किलो वजन उतरवलं होतं. वजन गेलं, पण कातडी मागे राहिली. उन्हाळ्यात स्तनांखाली घाम साचे, पुरळ येई, आग होई. पावडर, मलम, सुती फडकी, सगळं करून झालं. शेवटी ह्यांनीच हुबळीच्या एका प्लास्टिक सर्जन बाईंची वेळ घेतली.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या अत्तींना, हे पटलं नाही. "यातक बेकव्वा ई वयस्सिनाग?" त्यांनी विचारलं. ह्या वयात हे कशाला, हा प्रश्न माझ्याही मनात होताच.

कागदावरच्या चार ओळी

डॉक्टरबाईंनी तपासण्याआधी एक कागद पुढे केला. "शस्त्रक्रियेतून काय हवंय ते लिहा," म्हणाल्या. मी चार ओळी लिहिल्या : पुरळ थांबावी, ब्लाऊज नीट बसावा, लग्नाच्या वेळी होते तशी दिसावी, आणि पुन्हा कधी ओघळू नये. त्यांनी पेन घेऊन शेवटच्या दोन ओळी खोडल्या.

"पहिल्या दोन गोष्टी बहुतेक मिळतील," त्या म्हणाल्या, "तिसरी कुणीच देऊ शकत नाही. आणि चौथी निसर्गाच्या हातात आहे. वय वाढतं, वजन वरखाली होतं, तशी कातडी पुन्हा सैल होते."

मग त्यांनी चित्र काढून समजावलं. स्तनात दुधाच्या ग्रंथी असतात, चरबी असते, त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात आणि वर कातडी. स्तनाच्या आत स्नायू नसतो, त्यामुळे कसरतीनं, तेलानं किंवा क्रीमनं ओघळलेला स्तन वर येत नाही. स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या किती खाली गेलं आहे, यावर डॉक्टर पायरी ठरवतात. माझी तिसरी, म्हणजे शेवटची पायरी होती.

शस्त्रक्रियेत जास्तीची कातडी काढतात, आतला भाग वर घेऊन शिवतात आणि स्तनाग्र त्याच्या रक्तवाहिन्यांसह वरच्या जागी आणतात. आकार बदलतो, पण आकारमान फारसं कमी होत नाही. जड स्तनांमुळे मान आणि खांदे दुखत असतील, तर त्यासाठी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया वेगळी असते. व्रण मात्र राहतातच. थोडंच ओघळलं असेल तर फक्त स्तनाग्राभोवती, जास्त असेल तर तिथून खाली उभा, आणि माझ्यासारखं असेल तर शिवाय खालच्या घडीतून आडवा. "आकार हवा असेल तर व्रण पत्करावे लागतात," हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आपल्या सावळ्या कातडीवर व्रण जाड किंवा गडद होण्याची शक्यता जरा अधिक असते, हेही त्यांनी लपवलं नाही.

मिश्रीची कबुली

"तंबाखू?" या प्रश्नाला मी "छे!" म्हणून मोकळी झाले. सिगारेट-विडी कुठली आमच्यात! पण माझं माहेर निपाणीचं. लहानपणी आईच्या बोटानं लागलेली मिश्री अजून सुटली नव्हती. घरी परतताना मन खाऊ लागलं, आणि दुसऱ्या दिवशी मी फोन करून खरं सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत, पण तारीख दीड महिना पुढे ढकलली. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखम भरत नाही, क्वचित स्तनाग्राचा रक्तपुरवठाच तुटतो. माझी मिश्री तेव्हा सुटली ती आजतागायत.

मधल्या काळात रक्ताच्या तपासण्या झाल्या, मॅमोग्राफी झाली. वजन वर्षभर स्थिर आहे ना, पुढे मूल नको आहे ना, हेही विचारलं गेलं. कारण पुन्हा गरोदरपण आलं की आकार बदलतो, आणि या शस्त्रक्रियेनंतर दूध पाजण्याची क्षमता कमी होऊ शकते.

पहिले सहा आठवडे

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन झाली, अडीच तास लागले. दुसऱ्या दिवशी घरी आले. वेदना गोळ्यांनी आटोक्यात राहिल्या, पण सूज आणि काळेनिळे डाग पाहून मी घाबरले. स्तन विचित्र उंच आणि घट्ट दिसत होते. ते तसेच दिसतात. खाली बसायला तीन ते सहा महिने लागतात.

आधार देणारी, तार नसलेली ब्रा रात्रंदिवस घालायची, उताणं झोपायचं, खांद्याच्या वर हात न्यायचे नाहीत, जड उचलायचं नाही. पंधरवड्यानं मी ऑफिसला जाऊ लागले. मात्र तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून पाण्याची घागर उचलली. जिथे उभा आणि आडवा टाका मिळतो, तिथे डाव्या बाजूची जखम थोडी उघडली. नेमकी तिथेच जखम उशिरा भरते, असं डॉक्टर म्हणाल्या. तीन आठवडे ड्रेसिंग करावं लागलं. ह्या सगळ्या दिवसांत माझी वेणी कोणी घातली असेल? अत्तींनीच.

आज व्रण फिके झाले आहेत, पुसलेले नाहीत. उजव्या स्तनाग्राची संवेदना परत आली, डाव्याची थोडी कमीच आहे. दोन्ही बाजू अगदी सारख्या नाहीत. आणि गेले दोन उन्हाळे पुरळ आलेली नाही.

कुणाला हा विचार करायचा असेल, तर एवढं लक्षात ठेवा. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाहूनच डॉक्टर निवडा. आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे देत नाही, खर्च पदरचाच. आणि नंतर ताप आला, एकच बाजू एकदम सुजली, स्तनाग्र काळं पडू लागलं, पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

दोष पाजण्याचा नाही

राहिली आमच्या भाचीची गोष्ट. तिला मी डॉक्टरांनी सांगितलेलंच सांगितलं. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचे प्लास्टिक सर्जन डॉ. ब्रायन रिंकर यांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. स्तन ओघळण्याचा संबंध त्यात वय, वजन, गरोदरपणांची संख्या आणि धूम्रपान यांच्याशी आढळला, अंगावर पाजण्याशी नाही. गरोदरपणातच स्तन वाढतात, कातडी ताणली जाते. पुढे बाळाला पाजा किंवा पाजू नका, तो ताण पडून गेलेला असतो.

हेच मी अत्तींना कानडीत सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पाच मुलांना पाजलेली ती बाई. मग म्हणाल्या, त्यांच्या सासूनं त्यांनाही हेच ऐकवलं होतं. उठून त्यांनी रडणारं बाळ उचललं आणि नातीच्या मांडीवर दिलं. "कुडसव्वा," एवढंच म्हणाल्या. पाज बाई.

बाटली अजून फळीवरच आहे.