बेड्याला कडी, बोलण्याला कुलूप

रत्नागिरीकडच्या आंब्याच्या बागेला जांभ्या दगडाचा गडगा असतो, आत शिरायला बेडं. वायफायच्या लहरी मात्र गडगा जुमानत नाहीत. शेजाऱ्याच्या पडवीतही पोचतात. म्हणून बंदोबस्त दोन हवेत: आत येणाऱ्याची ओळख पटवणं आणि हवेतला मजकूर सांकेतिक करणं. स्थानकांवरच्या मोफत वायफायचा ओटीपी फक्त ओळख पटवतो. पासवर्ड नसलेल्या नेटवर्कवर हवेतला मजकूर बहुधा उघडाच. तिथे ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणाऱ्या संकेतस्थळाचं स्वतःचं कुलूप तेवढं कामी येतं.

वायफायचा मजकूर सांकेतिक करण्याची १९९७ची डब्ल्यूईपी पद्धत २००१मध्येच फोडली गेली. म्हणून घरच्या राउटरवर २०१८ची डब्ल्यूपीए-३ पद्धत निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए-२. पासवर्ड लांबलचक ठेवा. पाहुण्यांना वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क द्या. ओटीवर बसवा, माजघरात नको!