पाइप लांब, खेच कमी, त्रास मात्र कमरेला

आपल्या वस्तीतील कितीतरी बंधू-भगिनी आज हाउसकीपिंगच्या कामावर जातात. कुणी ऑफिसात, कुणी हॉटेलात, कुणी लग्नाच्या हॉलमध्ये. अलीकडे आमच्या आरोग्य बैठकीत तिघेजण पाठोपाठ एकच दुखणे घेऊन आले. कंबर धरलेली, उजवा खांदा भरून आलेला, रात्री बोटांना मुंग्या. तिघेही कार्पेट आणि सोफे धुण्याच्या हातमशीनवर काम करणारे.

आम्ही मलम-गोळ्यांचे बोलण्याआधी काम कसे करता ते विचारले. तेव्हा कळले की मशीनबरोबर मुळात १५ फुटांचा पाइप होता. मशीन प्रत्येक खोलीत हलवायला वेळ जातो म्हणून ठेकेदाराने तीन पाइप एकमेकांना जोडून ४५ फूट केले. मशीन आता लिफ्टच्या दाराशीच उभे राहते. तेव्हापासून कार्पेट ओलेच राहते, गिऱ्हाईक ओरडते आणि सुपरवायझर म्हणतो, "जोर लावून ओढ, हात नीट चालव." म्हणून ही माणसे दांडी दाबून दाबून ओढतात, एकाच जागेवरून चार-पाच वेळा.

आमचे सांगणे एवढेच आहे की इथे दोष हाताचा नाही, पाइपचा आहे. तो कसा, हे नीट समजून घेऊ या. कारण कारण कळले तर बोलता येते.

मशीन आत काय करते?

या मशीनला दोन नळ्या असतात. बारीक नळीतून पंप साबणाचे पाणी पुढे ढकलतो आणि ते कार्पेटवर फवारले जाते. जाड पाइपमधून मोटर हवा आत खेचते आणि त्या हवेच्या झोताबरोबर मळके पाणी टाकीत येते. लक्षात ठेवा, पाणी वर आणते ती हवा. हवा जोरात वाहिली तर पाणी येईल, हवा मंदावली तर पाणी कार्पेटमध्येच राहील.

आता शहाळे पिताना एक स्ट्रॉ वापरा, मग तीन स्ट्रॉ एकात एक खोचून प्या. गालांना जास्त ओढावे लागते. सांधा सैल असेल तर पाण्याऐवजी हवाच तोंडात येते. पाइपचेही तसेच आहे. आतल्या भिंतीला घासत घासत हवा पुढे जाते आणि प्रत्येक फुटाला मोटरची थोडी ताकद खर्च होते. तेवढीच हवा वाहायची असेल तर १५ फुटांपेक्षा ४५ फुटांच्या पाइपमध्ये तिप्पट ताकद वाया जाते. मोटर काही तिप्पट मोठी झालेली नसते, म्हणून हवाच कमी वाहते. त्यात प्रत्येक जोडावर गळती, प्रत्येक वळणावर अडथळा. आतून खरबरीत, वळ्या-वळ्यांचा पाइप असेल तर नुकसान आणखी वाढते.

बारीक नळीचेही तेच. ती लांबली की फवारा मंदावतो, गरम पाणी वाटेत निवते. मग डाग निघत नाही म्हणून कामगार खटका जास्त वेळ दाबतो. पाणी जास्त पडते आणि परत कमी येते.

हाताचा तळवा फसवतो

इथे एक गंमत आहे. सुपरवायझर पाइपच्या तोंडावर तळवा ठेवतो, तळवा चिकटतो आणि तो म्हणतो, "बघ, खेच तर पूर्ण आहे." तो खोटे बोलत नसतो, पण परीक्षा चुकीची आहे.

वॉर्डमध्ये पेशंटचा कफ काढायला सक्शन मशीन लावताना आम्ही नळी दुमडून धरतो आणि काट्यावर दाब किती ते बघतो. तोंड बंद असताना नळीतून हवा वाहतच नाही. हवा वाहत नाही तर घासतही नाही. जोड घट्ट असतील तर नळी आखूड असो की लांब, काटा जवळजवळ तेवढाच दाखवतो. पण नळी फार लांब किंवा फार बारीक असली तर प्रत्यक्ष कफ ओढताना तीच नळी रडते. कार्पेट मशीनवर तळव्याची परीक्षा म्हणजे नळी दुमडून बघणे. त्यातून मोटर चालू आहे एवढेच कळते. काम होते की नाही, ते नाही कळत.

खरी परीक्षा कशी करायची?

स्वच्छ पाण्याच्या टाकीत मोजून १० लिटर पाणी भरा. ते सगळे एका ठराविक जागेवर नेहमीसारखे वापरा. मग मळक्या टाकीत किती लिटर आले ते मोजा. ७ लिटर आले असतील तर ३ लिटर कार्पेटमध्ये राहिले. दुसऱ्या वेळी तसल्याच कार्पेटच्या तेवढ्याच कोरड्या जागेवर आखूड पाइपने हेच करा. दोन आकडे कागदावर लिहा. "हात नीट चालव" म्हणणाऱ्याला तो कागद दाखवा. आवाज चढवण्यापेक्षा मोजलेले आकडे जास्त काम करतात.

ओले कार्पेट आणि छाती

कापड, फोम, लाकूड ओले राहिले तर २४ ते ४८ तासांत त्यावर बुरशी धरू लागते. बंद, एसीच्या खोलीत तो कुबट वास आपल्याला ओळखीचा आहे. बुरशीने दमेकऱ्याचा दमा उसळतो, नाक-डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. हा त्रास त्या खोलीत बसणाऱ्यांना होतो आणि रोज तिथे झाडू-पोछा करणाऱ्या आपल्या माणसांनाही होतो. म्हणून कार्पेट त्याच दिवशी वाळले पाहिजे. पंखे लावणे, शक्य तिथे खिडकी उघडणे हाही कामाचाच भाग आहे.

मग काय करावे?

पहिले, पाइप लांबवण्यापेक्षा मशीन जवळ न्यावे. मशीनबरोबर आलेला पाइप त्याच्या मोटरच्या बेताने दिलेला असतो. जिन्यावरून मशीन न्यायचे असेल तर आधी दोन्ही टाक्या रिकाम्या करा, १० लिटर पाणी म्हणजे १० किलो वजन. दोघांनी उचला. एकट्याने उचलण्याची जबरदस्ती मानू नका.

दुसरे, लांब पाइपशिवाय इलाजच नसेल तर मशीन तेवढ्या ताकदीचे मागा. पाइप अखंड हवा, जोड कमीत कमी आणि घट्ट. जाडीचा फरक लांबीपेक्षा मोठा आहे. दीड इंचाऐवजी दोन इंची पाइप असला तर तेवढीच हवा वाहायला साधारण पावपट ताकद लागते. पण छोट्या मशीनला फार जाड पाइप लावू नका. आत हवेचा वेग कमी होतो आणि पाणी वर चढण्याऐवजी पाइपमध्येच साचते.

तिसरे, पाइपची वेटोळी करून काम करू नका. सरळ पसरा, खाली झोळ पडू देऊ नका. झोळात मळके पाणी साचते, गुडगुडते आणि वाट अडवते. काम संपल्यावर पाइप उंच धरून निथळू द्या. टाकीच्या झाकणाचे रबर, जाळी आणि फेस रोज बघा. झाकण सैल असेल तर आखूड पाइपही खेचत नाही.

चौथे, फवारा एकदा, मग खटका सोडून त्याच जागेवरून दोन-तीन वेळा सावकाश कोरडी ओढ. दाबून नव्हे, सावकाश. हवेला पाणी उचलायला वेळ मिळाला पाहिजे. कमरेतून वाकून ओढण्यापेक्षा दांडी धरून पावले मागे टाका. दर काही मिनिटांनी हात बदला.

पाचवे, वीज. पाइप आखूड ठेवून लांब वायर घेतली तर ती जाड, तीन पिनांची, अर्थिंग असलेली हवी. बारीक लांब वायरने मोटरला वीज कमी मिळते आणि वायर तापते. ती गुंडाळलेली तर कधीच ठेवू नका. ओल्या फरशीवर उभे राहून काम करायचे, म्हणून ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असलेल्या जोडणीवरच मशीन लावायला सांगा.

दुखणे अंगावर काढू नका

रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, हातातून वस्तू सुटत असेल तर मनगटातील शीर दबत असावी. लवकर दाखवले तर लवकर बरे होते. कमरेची कळ पायात उतरत असेल, पाऊल बधिर होत असेल तर डॉक्टरांकडे जा. पायातील ताकद जात असेल, लघवी अडली किंवा न कळता झाली, जांघेजवळ बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, सकाळची वाट बघू नका. पगारातून ईएसआय कापले जात असेल तर उपचार हा तुमचा हक्क आहे. डॉक्टरांना आपण कोणते काम करतो, कसे करतो हे सांगा आणि कागदावर लिहून घ्या.

त्या तिघांपैकी एका ताईने १० लिटरचा हिशोब करून बघितला. ४५ फुटांच्या पाइपने निम्मेच पाणी परत आले, १५ फुटांच्या पाइपने आठ लिटरच्या वर. तिने कागद सुपरवायझरपुढे ठेवला. आता मशीन खोलीच्या दाराशी जाते, आणि ढकलायला दोघे असतात. तिची कंबर एका दिवसात बरी झालेली नाही, व्यायाम चालू आहे. पण "हात नीट चालव" हे ऐकावे लागत नाही, याचेच तिला जास्त समाधान आहे. तुमच्या घरातही असे मशीन चालवणारे कुणी असेल तर आज रात्री त्यांना एवढेच विचारा, तुमचा पाइप किती फुटांचा आहे?