नाचणी पेरली का?

डिसेंबर लागला की कॉलेजात मला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, 'केक कधी आणतेयस?' दुसरा जरा चाचरत, 'तुम्ही घरी इंग्लिशच बोलत असाल ना?' केक आणते, त्याचं टेन्शन घेऊ नका. दुसऱ्याला मात्र कँटीनमधला एक अख्खा चहा लागतो.

मी वसईची. आजी घरात कादोडी बोलते, आमच्याकडची मिस्सा मराठीत होते आणि नाताळची गाणीही. पोर्तुगीज वसईत १५३४ ते १७३९ होते. त्या दोनशे वर्षांत आमच्यासारख्या घरांचा धर्म बदलला, पण केळीच्या बागा राहिल्या, करंज्या राहिल्या. ख्रिस्तजन्माची गोष्ट तर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त मराठी ओव्यांमध्ये १६१६ सालीच छापून आलीय. आणि पुढच्या वेळी भीमाशंकरला ट्रेकला गेलात, तर देवळापुढची घंटा नीट बघा. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, त्यातली ती एक. सांगितलं की मित्रांचा विश्वास बसत नाही.

असो. मला सांगायचंय ते गोठ्याबद्दल.

नाताळगोठा तुम्ही मॉलमध्ये पाहिला असेल, थर्माकोलचा बर्फ घातलेला. आमच्याकडे बर्फ नसतो. पेंढ्याचं छप्पर, मातीचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचं तळं आणि शेत. हे शेत खरंखुरं असतं. पसरट ताटलीत माती घालून नाचणी दाट पेरायची, वरून ओलं फडकं टाकायचं, कोंब दिसले की फडकं काढायचं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरली, तर चोवीस तारखेपर्यंत हिरवागार गालिचा तयार. लवकर पेरली तर माना टाकते, उशिरा पेरली तर बाळ येशू टकल्या माळावर जन्मतो. हा हिशेब आमच्या आजोबांच्या डोक्यात होता. कॅलेंडरवर ते कधी खूण करत नसत. एका सकाळी अंगणात ताटल्या मांडलेल्या दिसायच्या आणि आम्हा पोरांना कळायचं, नाताळ आला.

'शेत कशाला एवढं?' असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, 'गोठ्यात गाय ठेवतो ना आपण? मग तिला खायला नको?' तीन राजांच्या सणानंतर, म्हणजे सहा जानेवारी झाली की गोठा मोडायचा आणि ती नाचणी खरोखर शेजारच्या गाईपुढे जायची. मातीची गाय उपाशी, खरी गाय खूश.

बाकी घर तेव्हा कुलकुलमध्ये बुडालेलं असायचं. मैदा, नारळाचं दूध, साखर. पिठाची गोळी काट्यावर किंवा नव्या कंगव्यावर दाबून वळवायची, की शंखासारखी होते. आमचा 'कुलकुलचा कंगवा' वर्षभर कपाटात असतो आणि त्याने कुणी केस विंचरले तर घरात खटला चालतो. डब्यात भरण्याआधीच निम्मी संपतात. मग शेजाऱ्यांकडे ताटं जातात. दिवाळीत त्यांचा फराळ आलेला असतो, ती परतफेड. दोन्ही ताटांत करंजी असते आणि कुणाची खुसखुशीत, यावर मम्मी आणि शेजारच्या काकू दोघी मनातल्या मनात निकाल देतात.

आजोबा गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये गेले. मी तेव्हा होस्टेलला, डिसेंबरमध्ये सेमिस्टर. शेवटचा पेपर तेवीसला संपला आणि चोवीसला दुपारी घरी पोचले. गोठा तयार होता. पप्पांनी बाजारातून प्लॅस्टिकचं हिरवं गवत आणून नीट कापून बसवलं होतं. दिसायला छान होतं, खोटं कशाला बोलू? ताटल्यांचा विषय कुणीच काढला नाही. रात्री मिस्साहून आल्यावर आजीने रिकाम्या गव्हाणीत बाळ येशूला ठेवलं, मग त्या गवतावरून एक बोट फिरवलं आणि म्हणाली, 'हे गाय कशी खाईल?' पप्पा पाणी प्यायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

या वर्षी मी आजीला विचारलं, आजोबा नेमके कोणत्या दिवशी पेरायचे? तिलाही ठाऊक नव्हतं. साठ वर्षांचा संसार, पण ते काम त्यांचं होतं, तिने कधी तारीख मोजलीच नाही. ती म्हणाली, 'थंडी पडली की पेरायचे.' आता यंदा थंडी कधी पडली ते तुम्हीच सांगा. मी पाच डिसेंबरला एक ताटली पेरली. ती चिमण्यांनी संपवली, कारण फडकं टाकायचं मी विसरले. दुसरी दहाला पेरली. तिसरी, सावधगिरी म्हणून, बारा तारखेला. इंटर्नशिपमुळे रोज संध्याकाळी उशीर होतो, म्हणून पाणी घालायचं काम पप्पांनी घेतलंय. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

तुमच्या घरी नाताळ नसेल, पण असं एखादं काम असेलच, जे एकच माणूस करतं आणि बाकी सगळे गृहीत धरतात. गणपतीची आरास, उटण्याचं माप, लोणच्याचा मसाला, काहीही. सुट्टीत घरी जाल तेव्हा त्या माणसाशेजारी बसा आणि तारखेसकट लिहून घ्या. 'अंदाजाने' हे उत्तर चालवून घेऊ नका. मी घेतलं होतं.

हे लिहितेय तेव्हा दहा तारखेची ताटली बोटाच्या पेराएवढी झालीय. बाराची अजून फडक्याखाली आहे. शेजारच्यांनी गाय मात्र मार्चमध्येच विकली. पप्पा म्हणतात, पलीकडच्या आळीत एकांकडे शेळी आहे, सहा तारखेला तिला विचारू.