गोठला म्हणून मध खोटा नसतो

थंडीच्या दिवसांत कपाटातली मधाची बाटली घट्ट होते, तळाशी पांढरट दाणे जमतात. घरातलं कुणीतरी ती उजेडात धरतं आणि निकाल देतं, "साखर निघाली, फसवलं आपल्याला!" मग ती बाटली मागे सरते आणि दुकानातून काचेसारखा स्वच्छ, बारा महिने पातळ राहणारा मध येतो. अशा वेळी पुष्कळदा अस्सल मधच टाकून दिला जातो.

मुळात फुलात मध नसतोच. कवीमंडळींनी भुंग्यांना आणि माश्यांना फुलाफुलांतला मध इतका पाजला आहे, की हे आवर्जून सांगावं लागतं. फुलात असतो मकरंद. त्यात बहुधा निम्म्याहून जास्त पाणीच असतं. माशी तो पोटातल्या पिशवीत भरून पोळ्यात आणते. तिथे तो एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जातो आणि दर वेळी माश्यांच्या ग्रंथींतले पाचक रस त्यात मिसळतात. मकरंदातली साखर फुटते आणि तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मग हा रस मेणाच्या घरांत पसरला जातो. माश्या पंखांनी वारा घालतात, पाणी उडत जातं. ते २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आलं, की मेणाचं झाकण बसतं. एक कामकरी माशी ऐन हंगामात जेमतेम दीड महिना जगते. तेवढ्यात तिच्या वाट्याचा मध होतो चहाच्या चमच्याच्या बाराव्या भागाएवढा.

मध वर्षानुवर्षं टिकतो तो या मेहनतीमुळे. त्यात पाणी इतकं कमी आणि साखर इतकी जास्त, की जंतू शिरले तर त्यांच्याच अंगातलं पाणी ओढलं जातं. शिवाय मध आम्लधर्मी असतो. माशीने मिसळलेल्या एका पाचक रसामुळे त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडही किंचित तयार होतं. जखम धुवायला वापरतात तेच हे द्रव्य. म्हणून भाजलेल्या जागी मध लावण्याचा जुना उपाय अगदीच भाबडा नव्हता. अर्थात रुग्णालयात वापरतात तो मध निर्जंतुक केलेला असतो, फडताळातला नव्हे.

आता गोठण्याचं. मधातलं पाणी जेवढी साखर धरून ठेवू शकतं, त्याहून अधिक साखर त्यात असते. गारवा आला की त्यातलं ग्लुकोज दाण्यांच्या रूपाने वेगळं होतं. फ्रुक्टोज जास्त असेल तर मध उशिरा गोठतो. हे प्रमाण ठरतं फुलांवरून. मोहरीचा मध काही आठवड्यांत लोण्यासारखा होतो, काही मध महिनोन्‌महिने पातळ राहतात. महाबळेश्वरच्या बाजूला जांभूळ, हिरडा, गेळा यांचा मध मिळतो आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलली की तिचा. प्रत्येकाचा रंग निराळा, चव निराळी. जांभळाचा मध मधुमेहाला चालतो, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नये. तो जांभळाच्या फुलांचा मध आहे, बियांचं चूर्ण नव्हे. त्यातही साखरच आहे.

गोठलेली बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. उकळू मात्र नये, सुगंध आणि पाचक रस दोन्ही जातात.

मधाचा थेंब पाण्यात तळाशी जातो का, वात मधात बुडवून पेटते का, कुत्रं चाटतं का, या परीक्षा घरोघरी चालतात. साखरेचा दाट पाक त्यांतल्या काहींत सहज पास होतो आणि पाण्याचा अंश थोडा जास्त असलेला रानातला मध नापास. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने २०२० मध्ये १३ ब्रँडचे २२ नमुने तपासून घेतले. जर्मनीतल्या प्रगत चाचणीसह सगळ्या चाचण्यांत उतरले फक्त ५. त्यांतले बहुतेक मोठे ब्रँड आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांत पास झाले होते. तिथे वातीचा काय पाड!

एक गोष्ट आजी-आजोबांसाठी. हिंदू घर असो की मुसलमान, नवजात बाळाला मध चाटवण्याची चाल आपल्याकडे आहे. शुद्धातल्या शुद्ध मधातही बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत बोटभरही मध देऊ नये.

मध काढतात कसा, यावरही त्याचा गुण ठरतो. कड्यावरचं आग्या माशीचं पोळं धूर देऊन कापतात आणि बऱ्याच ठिकाणी हाताने पिळतात. त्यात अळ्या, पराग, मेण सगळं उतरतं. असा मध लवकर फेसाळतो, आंबतो, आणि मोहोळ उजाड होतं ते वेगळंच. सातेरी माशी मात्र पेटीत नांदते. पेटीतली चौकट काढून झाकण खरवडायचं आणि ती मधयंत्रात फिरवायची. मध बाहेर पडतो, पोळं शाबूत राहतं, तीच चौकट माश्यांना परत. नवं मेण करायला त्यांना कितीतरी मध खावा लागतो, तो वाचतो. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे आणि त्या तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथे घरोघरी पेट्या दिसतात. बाटली घेताना विक्रेत्याला विचारावं, मध पेटीतला की पिळलेला, कुठल्या फुलांचा, कोणत्या महिन्यातला. खरा मधपाळ या प्रश्नांनी चिडत नाही, उलट अर्धा तास सोडत नाही.