संगणकाचेही बेणे राखून ठेवावे लागते



उसाची गाडी काट्यावर चढली की तिचे वजन आज बहुतेक कारखान्यांत थेट संगणकात उतरते. लागण-खोडव्याची नोंद, तोडणीची पाळी, सोसायटीची कपात, बँकेत जमा व्हायचे बिल, सगळे त्यातच. कायद्याप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफ.आर.पी.ची रक्कम मिळायला हवी. पण नोंदच नाहीशी झाली तर बिल काढायचे कशावर? म्हणून "संगणकाचं ऑफिसातले लोक बघतील, आपल्याला काय त्याचं?" असे म्हणून चालायचे नाही. यंत्र मोडले तर दुसरे आणता येते, आतली माहिती बाजारात मिळत नाही.

एक घडलेली गोष्ट सांगतो. २७ जून २०१७ रोजी युक्रेन देशातून 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम सुटला. डेन्मार्कच्या मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीचे संगणक त्याने काही तासांत निकामी केले. आपल्या न्हावा-शेवा बंदरात या कंपनीच्या गटाचा धक्का आहे, तिथलेही काम अडले. पुढे कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

हे पसरले कसे? दोन वाटांनी. विंडोजमध्ये एक भगदाड होते. ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती, पण ती पुष्कळांनी बसवली नव्हती. दुसरी वाट पासवर्डची. एका संगणकात सगळ्या अधिकारांचा पासवर्ड सापडला, की तोच वापरून हा प्रोग्रॅम शेजारच्या, दुरुस्ती केलेल्या संगणकातही शिरे.

कोणाला कुठे प्रवेश आहे याचे मुख्य दप्तर कंपनीने अनेक ठिकाणी ठेवले होते. परंतु त्या सगळ्या प्रती एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे एकदमच गेल्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातली. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथे लाईट गेली होती! लाईट गेली की आपला जीव खालीवर होतो. इथे लाईट गेली म्हणूनच कंपनी वाचली. त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली.

यातून घ्यायचे धडे साधे आहेत.

पहिला, दुरुस्ती वेळेवर बसवावी. कुंपणाला भगदाड दिसल्यावर रानडुक्कर येईपर्यंत आपण थांबतो का?

दुसरा, ज्याचे त्याला नाव आणि ज्याचा त्याला पासवर्ड. काट्यावरच्या कारकुनाला वजनापुरता अधिकार असावा, बिलाच्या खात्याचा नको. एकाच किल्लीने सगळी कुलुपे उघडत असतील तर ती किल्ली हरवली की सगळेच गेले. कुणी केव्हा काय बदल केला याची नोंदही संगणकात राहिली पाहिजे.

तिसरा आणि सर्वांत मोठा, बेणे राखावे. सगळा ऊस गाळपाला घातला तरी बेण्यापुरता प्लॉट आपण राखतोच. तशी माहितीची प्रत रोज काढून, जोडणी तोडून, दुसऱ्या इमारतीत ठेवावी. आणि बेणे उगवते का हे जसे आपण पाहतो, तसे त्या प्रतीवरून माहिती परत उभी राहते की नाही हे अधूनमधून करून पाहावे. न तपासलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये.

आता सभासदांचे काम. वजनाची पावती बिल हाती येईपर्यंत जपून ठेवावी. ती तुमच्यापुरती दुसरी प्रतच होय. "बिल अडकलंय, ओ.टी.पी. सांगा" असा फोन आला तर तो कितीही गोड बोलो, आकडा सांगू नये. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेत कळवावे.

कारखाना तुमचा आहे. तेव्हा वार्षिक सभेत उताऱ्याबद्दल आणि दराबद्दल जसे विचारता, तसेच हेही विचारा: "आपल्या नोंदीचं बेणं कुठं ठेवलंय, आणि शेवटचं कधी तपासलं?"