पेटी नेमकी कुठे होती?

एका लहान मुलाची खेळण्यांची पेटी सापडत नव्हती. बरीच शोधाशोध केल्यावर ती ‘पेन’मध्ये मिळाली. इंग्रजीत लिहायचं ते पेन, आणि लहान मुलाला सुरक्षित खेळता यावं म्हणून चारी बाजूंनी कठडा लावून केलेली जागा, तीही पेनच. आता हे वाक्य हिब्रूत न्यायचं आहे. तिथे लिहायच्या पेनाला ‘एत’ म्हणतात आणि कठड्याच्या जागेला ‘लूल’. दोन्ही अर्थ सांभाळून घेणारा शब्द नाही, म्हणजे अनुवादकाला एक बाजू घ्यावीच लागते. चुकून ‘एत’ निवडला तर गोंधळात भर पडते, कारण रोजच्या हिब्रू लिखाणात स्वरचिन्हं देत नाहीत. ‘बाएत’, म्हणजे ‘पेनमध्ये’, हे बेत, आयिन आणि तेत या तीन अक्षरांत लिहितात. तीच तीन अक्षरं ‘बाअत’ अशीही वाचता येतात, आणि मग अर्थ होतो ‘त्याने लाथ मारली’.

पेटीचं हे उदाहरण येहोशुआ बार-हिलेल यांचं. व्हिएन्नात १९१५ साली जन्मलेले बार-हिलेल जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले तर्कशास्त्रज्ञ. यंत्रानुवादावर पूर्णवेळ काम करणारे पहिले संशोधक म्हणून १९५१ मध्ये ते अमेरिकेत एमआयटीत रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी या विषयावरची पहिली परिषद त्यांनी भरवली. १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी २५० शब्द आणि ६ नियमांच्या बळावर साठहून अधिक रशियन वाक्यं संगणकाकडून इंग्रजीत करून दाखवली, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. १९६० मध्ये मात्र बार-हिलेल यांनीच लिहिलं, की माणसाची मदत न घेता उत्तम दर्जाचा अनुवाद यंत्राकडून होणं शक्य नाही. ज्या विषयाची पायाभरणी आपण केली, त्याची मर्यादा इतक्या स्पष्टपणे मांडणं सोपं नव्हतं. मला त्यांचं हे धैर्य फार मोलाचं वाटतं.

त्यांचा रोख एका जुन्या कल्पनेवर होता. वॉरन वीव्हर यांनी १९४९ मध्ये सुचवलं होतं, की अनेकार्थी शब्दाच्या डावी-उजवीकडचे काही शब्द पाहिले की अर्थ ठरवता येईल. पुष्कळदा तो ठरतोही. पण ‘पेटी पेनमध्ये आहे’ आणि ‘पेन पेटीत आहे’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत, तरी दुसऱ्या वाक्यात आपण निःशंकपणे ‘एत’ म्हणतो. इथे निवाडा शेजारचे शब्द करत नाहीत. खेळण्यांची पेटी केवढी असते, पेन केवढं असतं आणि मोठी वस्तू लहान वस्तूत मावत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं, त्यावर तो होतो. मग यंत्राला अख्खा ज्ञानकोश द्यावा का? बार-हिलेल यांना ही कल्पना चर्चेच्याही लायकीची वाटली नाही. १९६६ मध्ये अमेरिकी सरकारी समितीचा प्रतिकूल अहवाल आला आणि संशोधनाचा पैसा आटला.

पुढची एक महत्त्वाची वाट इस्रायलमध्येच निघाली. हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले इडो डागान आणि अलोन इताई यांनी हिब्रूतून इंग्रजीत येताना उलटा विचार केला. हिब्रूत ‘खातम’ म्हणजे सही केली, आणि मोहोर लावली असंही. (अरबीतून आपल्याकडे आलेला ‘खतम’ याच शब्दाच्या कुळातला.) यातला कोणता अर्थ घ्यायचा? त्यांनी इंग्रजी मजकुराचा मोठा साठा घेतला आणि ‘करार’ या शब्दाबरोबर कोणतं क्रियापद जास्त वेळा येतं, ते मोजलं. ‘सही’ची जोडी भरपूर सापडते, ‘मोहोर’ची विरळा. यंत्राला करार म्हणजे काय हे शिकवावंच लागत नाही.

गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ रचना अशा मोजणीच्या खूप पुढे गेली. तिच्या मूळ आवृत्तीत प्रत्येक शब्द म्हणजे ५१२ संख्यांची एक ओळ असते. वाक्यातल्या बाकीच्या सगळ्या शब्दांना कमी-जास्त वजन देत ही ओळ थराथराने बदलत जाते. शब्दाचं वाक्यातलं स्थानही हिशेबात असतं, म्हणून पेटीत पेन आणि पेनमध्ये पेटी यांची गल्लत होण्याचं कारण उरत नाही. वस्तूंची मापं कोणी वेगळी शिकवलेली नसतात. माणसांनी पेट्यांबद्दल, मुलांबद्दल, पेनांबद्दल जे अफाट लिहून ठेवलं आहे, त्यातून ती झिरपतात.

‘अशक्य’ हा बार-हिलेल यांचा शब्द आज टिकत नाही. पण अडचण कुठे आहे, हे त्यांनी अचूक दाखवलं होतं. म्हणून अनुवादाचं नवं साधन हाती आलं, की त्यांच्या वाक्यात मापं बदलून पाहावीत. आधी एक वाक्य घालावं, की पेटी राईच्या दाण्याएवढी होती आणि हेराने ती शाईच्या नळीत लपवली होती. वाचनातून पडलेली सवय आता ‘लूल’कडे ओढेल, बरोबर उत्तर मात्र ‘एत’ आहे.