एकास शंभरचा भाव

इंग्लंडात वर्षभर रेसकडे ढुंकूनही न पाहणारी माणसं एप्रिलमधल्या एका शनिवारी हटकून घोडा लावतात. एरवी बुकीच्या दुकानाची पायरी न चढणाऱ्या आज्या त्या दिवशी रांगेत दिसतात. ऑफिसात प्रत्येकी दोन-पाच पौंड काढून घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकतात. हाताला लागेल तो आपला घोडा. लंडन-रेडिंगकडे नोकरीला गेलेल्या मराठी पोरापोरींची रेसशी पहिली ओळख पुष्कळदा या टोपीतूनच होते.

शर्यतीचं नाव ग्रँड नॅशनल. जागा लिव्हरपूलजवळचं एनट्रीचं मैदान. अंतर ६.९ किलोमीटरच्या आसपास, फेऱ्या दोन, उड्या तीस. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर खेळणाऱ्याला रेस म्हणजे सपाट हिरवळीवरची मिनिट-दोन मिनिटांची धाव माहीत असते. नॅशनल नऊ-दहा मिनिटं चालते. तेवढ्या वेळात घोडा अडखळतो, जॉकी उडतो, जॉकी गमावलेला घोडा हौसेने तसाच पळत राहून दुसऱ्याच्या वाटेत येतो. १९२८ साली इथे ४२ घोडे सुटले आणि शर्यत पुरी केली दोघांनी. कॅनल टर्नच्या कुंपणावर ईस्टर हीरो नावाचा घोडा अडकला आणि मागून येणाऱ्यांचा ढीग झाला. शेवटी टिपरेरी टिम एकटा उभा राहिला. दुसरा आलेला बिली बार्टन तर शेवटच्या कुंपणावर पडला होता. जॉकीने पुन्हा मांड ठोकून त्याला कसाबसा आणला. टिपरेरी टिमचा भाव होता एकास शंभर.

शर्यतीचा इतिहास १८३९ पासून सांगतात. त्या वर्षी जिंकलेल्या घोड्याचं नाव होतं लॉटरी. मी रचून सांगत नाही, खरंच लॉटरी. त्याच दिवशी कॅप्टन बीचर नावाचे स्वार एका ओढ्यात पडले आणि बाकीचे घोडे डोक्यावरून जाईपर्यंत पाण्यातच दबून राहिले. बाहेर आल्यावर ब्रँडीशिवाय पाण्याला काही चव नाही असं ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. तो ओढा आजही बीचर्स ब्रुक. उडी मारताना घोड्याला पलीकडची जमीन अलीकडच्यापेक्षा खोल आहे हे कळत नाही, हा त्याचा लौकिक. सगळ्यात उंच कुंपण ‘चेअर’, पाच फुटांच्या वर. ते एकदाच ओलांडायचं असतं.

आता पैशाकडे येऊ.

बुकीच्या दुकानात भिंतीवर वर्तमानपत्राची रेसची पानं डकवलेली असतात. काउंटरवर बोटाएवढी आखूड पेनं आणि कागदाच्या चिठ्ठ्यांची चवड. चिठ्ठीवर वेळ, मैदान, घोड्याचं नाव, रक्कम लिहायची. कोपऱ्यात एक छोटी चौकट असते, ‘ईच वे’ची. नॅशनलला हौशी माणूस ती चौकट हमखास भरतो. अर्थ असा, की एकाच घोड्यावर दोन पैजा लागल्या: निम्मे पैसे तो पहिला येईल यावर, निम्मे तो ‘प्लेस’मध्ये येईल यावर. पाच पौंड ईच वे म्हणजे खिशातून दहा गेले. मोठ्या हँडिकॅप शर्यतीत, म्हणजे घोड्यांना कमी-जास्त वजन देऊन पळवतात त्या शर्यतीत, नेहमीचा रिवाज पहिल्या चार घोड्यांना प्लेस आणि प्लेसला भावाचा चौथा हिस्सा. नॅशनलच्या दिवशी मात्र गिऱ्हाईक ओढायला बुकी पाच, सहा, कधी त्याहूनही जास्त प्लेस देतात. हे दान वाटतं, पण प्लेस वाढले की हिस्सा पुष्कळदा पाचवा होतो आणि भाव थोडे आवळले जातात. जाहिरातीत मोठं काय छापलंय यापेक्षा बारीक अक्षरात काय आहे ते वाचावं.

भाव म्हणजे घोड्याच्या कुवतीचं माप, असं नवखा पंटर समजतो. भाव हे पैशाचं माप आहे. एखाद्या घोड्यावर पैसा तुटून पडला की बुकी त्याचा भाव उतरवतो आणि दुसऱ्यांचे वाढवतो. सगळ्या घोड्यांच्या भावांवरून जिंकण्याची शक्यता काढून बेरीज केली तर ती शंभर टक्के यायला हवी; येते त्याहून जास्त. तो वरचा भाग बुकीचा. घोडे जितके जास्त तितका हा वरचा भाग फुगवायला जागा जास्त. म्हणून तीस-चाळीस घोड्यांची शर्यत बुकीला मनापासून आवडते.

त्यात ही हँडिकॅप शर्यत. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, सुमारावर कमी. फरक भरून काढायला खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालतात. हँडिकॅपर नावाच्या अधिकाऱ्याचं स्वप्न म्हणजे सगळे घोडे एका रेषेत पोहोचावेत. म्हणजे बघा, एक माणूस पगार घेऊन निकाल जास्तीत जास्त अनिश्चित करतो, आणि त्या अनिश्चिततेवर अख्खा देश पैसे लावतो.

वजनाचा महिमा पाहायचा तर १९७३ ची शर्यत पाहावी. ऑस्ट्रेलियाहून आलेला क्रिस्प १२ स्टोन, म्हणजे ७६ किलो घेऊन धावत होता. दुसऱ्या फेरीत तो इतका पुढे गेला की मागे कोण आहे हे विचारायची गरज उरली नव्हती. शेवटच्या कुंपणानंतर सुमारे साडेचारशे मीटरची मोकळी धाव असते. तिथे त्याचे पाय जड झाले. मागून रेड रम आला, २३ पौंड कमी वजन घेऊन, आणि अगदी शेवटच्या ढांगांमध्ये घोड्याच्या पाऊण लांबीने जिंकला. वेळ ९ मिनिटं १.९ सेकंद, आधीचा विक्रम सुमारे १८ सेकंदांनी मोडला होता. विक्रम तर हरणाऱ्यानेही मोडला, फक्त त्याला कोणी बक्षीस दिलं नाही. दोन्ही घोड्यांचा भाव एकच होता, एकास नऊ. रेड रमचा ट्रेनर जिंजर मॅकेन मोटारी विकायचा आणि घोड्यांना साउथपोर्टच्या समुद्रकिनाऱ्यावर पळवायचा. पायाच्या दुखण्याने बेजार असलेल्या या घोड्याला खारं पाणी आणि वाळू मानवली. १९७४ आणि १९७७ लाही तोच जिंकला; मधल्या दोन वर्षी दुसरा आला. तीनदा नॅशनल जिंकणारा दुसरा घोडा अजून झालेला नाही.

पण पंटर लोकांत अजून सांगितली जाते ती गोष्ट १९६७ ची.

फॉइनाव्हॉन हा घोडा पूर्वी आर्कल या थोर घोड्याच्या तबेल्यात, त्याच्याच मालकिणीकडे होता. पुढे हात बदलत तो एका छोट्या तबेल्यात आला. सोबतीला सूझी नावाची पांढरी शेळी असायची. त्याच्यावर कोणाचीच भिस्त नव्हती. ट्रेनर जॉन केम्प्टन तर त्या दिवशी एनट्रीला आलाच नाही, तो वुस्टरला दुसरा घोडा पळवत होता. मालकही घरीच. जॉन बकिंगहॅम या जॉकीने त्याआधी नॅशनल कधी धावलेली नव्हती.

तेविसावं कुंपण मैदानातलं सगळ्यात बुटकं. पॉपहॅम डाउन नावाचा घोडा पहिल्याच कुंपणावर जॉकी गमावून तसाच सगळ्यांबरोबर पळत होता. इथे त्याचं मन फिरलं. उडी न मारता तो कुंपणाला समांतर आडवा धावत सुटला. पुढचे घोडे त्याला चुकवायला थबकले, त्यांच्यावर मागचे आदळले. काही जॉकी घोड्याविना कुंपणापलीकडे पडले. फॉइनाव्हॉन इतका मागे होता की बकिंगहॅमला हा सगळा गोंधळ दुरूनच दिसला. त्याने घोडा एका कडेला घेतला, फट शोधली आणि उडी मारली. इतर सावरेपर्यंत तो बराच पुढे निघून गेला होता. फेव्हरिट, म्हणजे सगळ्यांत कमी भावाचा घोडा, हनी एंड पुन्हा मांड टाकून त्याच्यामागे लागला, पण पंधरा लांबी कमी पडला.

बुकींचा भाव होता एकास शंभर. टोटने मात्र एकास ४४४ दिले. कारण सोपं आहे. बुकीकडे भाव बुकी ठरवतो, आणि नॅशनलला तो सहसा कुणालाच शंभराच्या फार वर नेत नाही. भलताच घोडा लागला तर भरायचे त्यालाच. टोट म्हणजे सगळ्यांच्या पैशाचा एक गल्ला. खर्च काढून उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. फॉइनाव्हॉनवर गल्ल्यात इतके थोडे पैसे होते की वाटेकरीच कमी निघाले. तेविसाव्या कुंपणाला आता त्याचंच नाव आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही, असा निकाल दिला. सपाट शर्यतीपुरतं मला ते पटतं. पॉपहॅम डाउनच्या मनात काय येईल हे ओळखायला कोणतं कौशल्य लागतं, कोण जाणे.

फॉइनाव्हॉनवर चार पैसे लावणाऱ्याला त्या काळी दुकानात जाता आलं, हीसुद्धा तेव्हा ताजीच सोय होती. १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर रोखीने पैज लावणं गुन्हा ठरलं होतं. खातं उघडून उधारीवर खेळणाऱ्या बड्यांना मोकळीक. गिरणीतल्या, गोदीतल्या माणसाला मात्र गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या ‘रनर’च्या हातात चिठ्ठी सरकवावी लागे. आपल्याकडे मटक्याची चिठ्ठी नेणारा पोऱ्या असायचा, तसाच तो. १९६० च्या कायद्यानंतर १ मे १९६१ पासून दुकानं उघडली आणि रनर बेकार झाले. पुढे तर गंमतच झाली. सत्तरच्या दशकात एनट्रीचं मैदान विकून तिथे घरं बांधायच्या गोष्टी चालल्या होत्या, तेव्हा काही वर्षं शर्यतीची व्यवस्था सांभाळली ती लॅडब्रोक्सने, म्हणजे बुकीनेच. दुभती गाय मरू द्यायची नाही एवढं शहाणपण त्या धंद्यात होतं. १९८३ मध्ये लोकवर्गणी आणि प्रायोजकाच्या पैशातून मैदान जॉकी क्लबकडे गेलं.

हौशी माणूस घोडा निवडतो तो बहुधा नावावरून. जाणकार हसतात. पण १९९२ मध्ये ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या पाचच दिवस आधी जिंकलेल्या घोड्याचं नाव होतं पार्टी पॉलिटिक्स, भाव एकास चौदा. जाणकारांनी त्या दिवशी कोणता तक्ता मांडला होता?

दुसऱ्याच वर्षी शर्यत झाली आणि झालीही नाही. सुरुवातीची पट्टी नीट वर गेली नाही, एका जॉकीच्या गळ्यात अडकली. चुकीची सुरुवात म्हणून निशाण दाखवलं, पण ३९ पैकी ३० जॉकींना ते कळलंच नाही. ते पळत सुटले. काहींनी पूर्ण दोन फेऱ्या मारल्या. एशा नेस पहिला आला, भाव एकास पन्नास, आणि जॉकीला कळलं की आपण काहीच जिंकलेलं नाही. शर्यत रद्द. साडेसात कोटी पौंडांच्या आसपास पैसे लोकांना परत करावे लागले, असा अंदाज आहे. एशा नेस लावणाऱ्यांनाही मुद्दल तेवढं परत मिळालं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही शर्यत बदलली आहे, आणि पैजेच्या दृष्टीने हा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो. २०११ आणि २०१२ मध्ये प्रत्येकी दोन घोडे मेले. टीकेचा भडिमार झाला. २०१३ पासून कुंपणांच्या आतला लाकडी गाभा काढून लवचीक प्लॅस्टिकचा आणला. बीचर्स ब्रुकची खोलीही टप्प्याटप्प्याने कमी झाली. २०२३ मध्ये प्राणिहक्कवाले मैदानात घुसले, शर्यतीला उशीर झाला, आणि पहिल्याच कुंपणावर हिल सिक्स्टीन हा घोडा मेला. पुढच्या वर्षी घोड्यांची मर्यादा ४० वरून ३४ केली, पहिलं कुंपण सुरुवातीजवळ आणलं म्हणजे घोडे तिथवर भरधाव पोहोचू नयेत. २०२४ मध्ये ३२ धावले, २१ पोहोचले, काही जॉकी खाली आले, पण पडला एकही घोडा नाही.

घोड्यांच्या जिवासाठी हे व्हायलाच हवं होतं. पण मग बुकीचा हिशेब बदलतो. पडझड कमी म्हणजे चांगला घोडा चांगला म्हणूनच शेवटपर्यंत टिकतो. चेल्टनहॅमची क्रॉस-कंट्री शर्यत मारून आलेला छोटेखानी टायगर रोल २०१८ आणि २०१९ मध्ये लागोपाठ जिंकला. दुसऱ्या वेळी भाव फक्त एकास चार होता. २०२३ चा विजेता कोराक रॅम्बलर फेव्हरिटच होता. २०२१ मध्ये मिनेला टाइम्सवर रेचेल ब्लॅकमोर जिंकली, ही शर्यत मारणारी पहिली स्त्री. भाव एकास अकरा. कोरोनामुळे तेव्हा बुकींची दुकानं बंद होती, लोकांनी मोबाइलवरच घोडे लावले. त्याआधीच्या वर्षी तर खरी शर्यतच नव्हती. संगणकाने रचलेली दाखवली, लोकांनी तिच्यावरही पैसे लावले, आणि बुकींनी नफ्याचे २६ लाख पौंड आरोग्यसेवेच्या मदतनिधीला दिले.

तरी शंभराचे भाव संपले असं समजून कोणी बुकीवर दया दाखवू नये. २०२२ मध्ये हौशी जॉकी सॅम वेली-कोहेनने एकास पन्नासचा नोबल येट्स जिंकून आणला. २०२५ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता आय ॲम मॅक्सिमस सर्वांत जास्त वजन घेऊन दुसरा आला. त्याला हरवलं त्याच्याच तबेल्यातल्या निक रॉकेटने, भाव एकास ३३. फेव्हरिट इरोको चौथा. निक रॉकेटवर पाच पौंड ईच वे लावणाऱ्याला, चौथ्या हिश्शाच्या हिशेबाने, दहाचे २१६ पौंड २५ पेन्स मिळाले. एकास सातच्या मॅक्सिमसवर तेवढेच लावणाऱ्याला मिळाले १३ पौंड ७५ पेन्स.